केडीबीला नाव सापडतं, जीडीबीला नाही: कर्नल डीबगरमधला सिम्बॉल शोध

प्रश्न थोडक्यात असा आहे. क्यूएमूवर, म्हणजे यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, स्वतः बांधलेला ६४ बिटी लिनक्स कर्नल चालू आहे. बाहेरून जीडीबी हा डीबगर जोडून व्हीएफएस_रीड या फाइल वाचणाऱ्या फंक्शनवर ब्रेकपॉइंट (थांबण्याची खूण) लावला, पण तो कधी लागतच नाही, आणि बॅकट्रेसमध्ये, म्हणजे कोणी कोणाला बोलावलं त्या फंक्शनांच्या साखळीत, नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात. त्याच कर्नलात केडीबी या कर्नलच्या आतल्या डीबगरमध्ये शिरलं की बॅकट्रेस नावांसकट व्यवस्थित दिसतो. मात्र केडीबीला विचारणाऱ्याच्याच ड्रायव्हर मॉड्यूलमधला एक स्टॅटिक व्हेरिएबल आणि एक स्टॅटिक फंक्शन सापडत नाही. मग यातल्या कुठल्या डीबगरवर विश्वास ठेवायचा?

दोघंही खरंच सांगतायत, फक्त दोघं वेगवेगळ्या यादीत बघतायत. केडीबी कर्नलच्या आतच राहतो आणि कर्नलने स्वतःच्या पोटात बाळगलेला केऑलसिम्स हा सिम्बॉलांचा, म्हणजे फंक्शन-व्हेरिएबलांची नावं आणि त्यांचे पत्ते यांचा, तक्ता वाचतो. जीडीबी बसलाय बाहेर, होस्टवर. त्याच्या हातात आहे ती बिल्ड करताना तयार झालेली व्हीएमलिनक्स फाइल, म्हणजे लिंकरने (बिल्डच्या शेवटी तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रॅमने) ठरवलेले पत्ते. बूट होताना कर्नल जागचा हलला तर आतल्या तक्त्याला ते कळतं. बाहेरच्या फाइलला कळण्याचा काही मार्ग नाही. त्यामुळे डीबगरने कुठलंही नाव दाखवलं की मी आधी दोन गोष्टी बघतो: हे नाव कुठल्या यादीतून आलं, आणि ती यादी याच कर्नलची आणि याच जागेची आहे का.

तुमच्या जीडीबीची अडचण जागेची आहे. एक्स८६-६४ वर कर्नल लिंक होतो तो आठ वेळा एफ आणि पुढे ८१०००००० या हेक्स पत्त्यावर. पण केएएसएलआर, म्हणजे बूटच्या वेळी कर्नलची जागा यादृच्छिक ठरवण्याची सोय, ३.१४ मध्ये (२०१४) आली आणि ४.१२ पासून (२०१७) एक्स८६ वर मुळातच चालू असते. कर्नल १ जीबीच्या पट्ट्यात कुठेतरी, २ एमबीच्या पटीत सरकून बसतो, म्हणजे ठोकळमानाने पाचशे संभाव्य जागा. जीडीबीने ब्रेकपॉइंट लावला तो जुन्या, आता रिकाम्या पत्त्यावर. तिथे कोणी फिरकणारच नाही.

खरं तर प्रश्नचिन्हं दिसली हे तुमचं नशीब. कर्नलचा कोड कित्येक एमबींचा असतो आणि सरकणं होतं २ एमबीच्या पटीत. सरकलेलं अंतर लहान निघालं असतं तर बराचसा कोड जुन्या यादीतल्या भलत्याच फंक्शनांच्या पत्त्यांवर पडला असता, आणि जीडीबीने अगदी आत्मविश्वासाने चुकीची नावं छापली असती. मग फाइल सिस्टिमच्या बॅकट्रेसमध्ये नेटवर्कचं फंक्शन कसं आलं याचा शोध घेत दिवस गेला असता.

सोपा उपाय म्हणजे डीबगिंगपुरतं कर्नलच्या कमांड लाइनवर नोकेएएसएलआर द्यायचं. क्यूएमूवर मी दुसरं काही करतच नाही. खऱ्या यंत्रावर ते शक्य नसेल तर अंतर काढावं लागतं: चालू कर्नलाच्या /प्रॉक/केऑलसिम्समधून _टेक्स्टचा (कर्नलच्या कोडच्या सुरुवातीचा) पत्ता घ्या, व्हीएमलिनक्सवर एनएम ही सिम्बॉल दाखवणारी कमांड चालवून तिथला _टेक्स्ट घ्या, आणि दोन्हींची वजाबाकी करा. जीडीबीच्या सिम्बॉल-फाइल किंवा ऍड-सिम्बॉल-फाइल या कमांडला -ओ या पर्यायाने ते अंतर देता येतं. /प्रॉक/केऑलसिम्समध्ये सगळीकडे शून्यांची रांग दिसली तर फाइल बिघडलेली नाही; तुम्हाला पत्ते बघायची परवानगी नाही. रूट व्हा. रूट असूनही शून्यंच दिसली तर केपीटीआर_रिस्ट्रिक्ट २ वर ठेवलंय का ते बघा.

इथे आणखी एक खड्डा आहे. क्यूएमू थांबलेल्या अवस्थेत सुरू करून, कर्नल अजून उलगडायचाच आहे तेव्हा ब्रेकपॉइंट लावला आणि केव्हीएम (हार्डवेअरच्या मदतीने व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय) वापरात असेल, तर साधा ब्रेकपॉइंट म्हणजे मेमरीत लिहिलेली एक सूचना असते. त्या जागी अजून कर्नल नाही, आणि तो येऊन बसला की लिहिलेलं पुसलं जातं. अशा वेळी एचब्रेक, म्हणजे हार्डवेअरचा ब्रेकपॉइंट, लावावा.

जागेआधी ओळख पटवा, हे मात्र मी नवख्यांना प्रत्येक वेळी सांगतो. कर्नल बूट केला, मग कोडमध्ये एक ओळ बदलून पुन्हा मेक चालवलं, आणि जीडीबीला नवी व्हीएमलिनक्स दिली की केएएसएलआर बंद असूनही बरेचसे पत्ते थोडे थोडे हललेले असतात. सुरुवातीची फंक्शनं जुळतात, पुढची काही बाइटांनी चुकतात, आणि ओळ क्रमांक तर कुठेच धड लागत नाहीत. हा घोटाळा सगळ्यात वाईट, कारण कुठलाही डीबगर तक्रार करत नाही. चालू कर्नलाची बिल्ड आयडी, म्हणजे त्या बिल्डची ओळखखूण, /सिस/कर्नल/नोट्समध्ये असते. फाइलची रीडएल्फ या कमांडला -एन देऊन मिळते. दोन्ही अक्षर न् अक्षर जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. डिस्ट्रिब्यूशनचा कर्नल असेल तर याच आयडीवरून डीबगइन्फोडी ही सेवा नेमकी फाइल आणून देते. आवृत्तीचा क्रमांक सारखा दिसला म्हणून कुठलंही डीबग पॅकेज उचलून लावणं बरोबर नाही.

आता केडीबीकडे. केजीडीबी (बाहेरच्या जीडीबीशी बोलणारा कर्नलातला भाग) मुख्य कर्नलात २.६.२६ मध्ये (२००८) आणि केडीबी २.६.३५ मध्ये (२०१०) आला; त्याआधी केडीबी बरीच वर्षं एसजीआय या कंपनीकडून पॅच म्हणून मिळायचा. लिनस टोरवाल्ड्सना डीबगरचं फारसं प्रेम नव्हतं, हेही त्या उशिरामागचं एक कारण. पण केडीबीची खरी अडचण वेगळी आहे. तो बोलत असतो तेव्हा बाकी सगळे सीपीयू गोठवलेले असतात. त्यांच्यातल्या एखाद्याने मॉड्यूलांच्या यादीचं लॉक धरून ठेवलेलं असू शकतं. केडीबीने तेच लॉक मागितलं तर ते कधीच सुटणार नाही आणि यंत्र तिथेच संपलं. म्हणून इथला सिम्बॉल शोध लॉक न घेता, झोप न घेता आणि शक्यतो मेमरी न मागता व्हावा लागतो. मुख्य कर्नलाचा तक्ता बिल्डच्या वेळीच तयार होतो आणि फक्त वाचण्यापुरता असतो; मॉड्यूलांची यादी लॉकशिवाय चाळता येईल अशी राखलेली असते. ड्वॉर्फ ही सविस्तर डीबग माहिती वाचणं या परिस्थितीत परवडणारं नाही. त्यामुळे केडीबीला फंक्शनचं नाव कळतं, पण ओळ क्रमांक, स्ट्रक्टचे घटक किंवा लोकल व्हेरिएबल यातलं काहीच कळत नाही. ती त्याची उणीव म्हणता येणार नाही, तो बसलाय ती जागाच तशी आहे.

हा तक्ता कसा रचलाय ते समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढचे सगळे गोंधळ त्यातूनच निघतात. पत्ते चढत्या क्रमाने मांडलेले असतात. ४.६ पासून (२०१६) प्रत्येक सिम्बॉलचा पूर्ण ६४ बिटी पत्ता न ठेवता एक पाया आणि त्यापासूनची ३२ बिटी अंतरं ठेवतात. केएएसएलआरने कर्नल सरकवला की बूटच्या वेळी तो पाया दुरुस्त होतो, आणि अंतरं तशीच राहतात. तुमच्या केडीबीची नावं बरोबर येतात ती याच्यामुळे. नावं आकुंचित रूपात असतात: वारंवार येणाऱ्या अक्षरगटांना एकेक बाइट देऊन २५६ खुणांचा कोश बनवलेला असतो, आणि प्रत्येक नाव त्या खुणांच्या ओळीत लिहिलेलं असतं. नावाचं पहिलं अक्षर असतं सिम्बॉलचा प्रकार. मोठा टी म्हणजे जागतिक फंक्शन, छोटा टी म्हणजे स्टॅटिक. एखाद्या क्रमांकाचं नाव हवं असेल तर सुरुवातीपासून मोजत येण्याऐवजी दर २५६ नावांमागे एक खूण ठेवलेली असते, तिथून पुढे मोजायचं.

पत्त्यावरून नाव काढणं म्हणजे या चढत्या यादीत दुभागत शोध घेणं. मात्र तो शोध “हा पत्ता कोणाचा?” याचं उत्तर देत नाही. तो फक्त सांगतो की या पत्त्याच्या अलीकडे सगळ्यात जवळ कोणतं नाव सुरू होतं. गाडीतून फोनवर “लोणावळा सोडून वीस किलोमीटर झाले” असं सांगावं तसंच हे. तुम्ही लोणावळ्यात आहात असा त्याचा अर्थ कोणी घेत नाही, पण डीबगरच्या बाबतीत लोक सर्रास तसा घेतात.

समजा ऊप्समध्ये, म्हणजे चूक झाल्यावर कर्नल छापतो त्या अहवालात, व्हीएफएस_रीड+८०/२९० असं आलं, आकडे हेक्स. पहिला आकडा सुरुवातीपासूनचं अंतर. दुसऱ्याला सगळे फंक्शनचा आकार म्हणतात, पण लिंकरने नोंदवलेला आकार तो नव्हे. केऑलसिम्स तो काढतो पुढच्या वेगळ्या पत्त्यावरच्या सिम्बॉलपर्यंतच्या अंतरावरून. मधली भरावाची जागा, नाव नसलेला असेम्ब्ली कोड, सगळं आधीच्याच्या खात्यात जमा होतं. तरीही हा आकडा कामाचा आहे: एखाद्या चार ओळींच्या फंक्शनचा “आकार” अवाढव्य दिसला तर तिथे नाव नसलेलं काहीतरी दडलंय. आणि एकाच पत्त्यावर अनेक नावं असतील तर छापलं जातं त्यातलं पहिलं. क्रम बिल्डच्या वेळी ठरतो, वीक (दुसऱ्याने झाकता येणारे) सिम्बॉल मागे टाकले जातात, वगैरे. सिस्टिम कॉलच्या बाबतीत हे नेहमी दिसतं. तुम्ही एका नावाने शोधता आणि बॅकट्रेसमध्ये त्याचं दुसरं नाव येतं.

जवळच्या नावाचा हा नियम लिनक्सपुरता नाही. विंडोजच्या विनडीबीजी डीबगरमध्ये पीडीबी ही सिम्बॉलांची फाइल मिळाली नाही तर तो नुसत्या एक्स्पोर्ट केलेल्या (बाहेरच्या कोडला वापरायला खुल्या) नावांवर भागवतो, तशी सूचनाही देतो, आणि मग एनटी!-काहीतरी यापुढे पाच-पाच हेक्स अंकी अंतर असलेली नावं छापतो. कर्नलातली बहुतेक फंक्शनं एक्स्पोर्ट होतच नाहीत, त्यामुळे ती नावं जवळजवळ कधीच खरी नसतात. पाच अंकी अंतर दिसलं की नाव विसरा, आधी .सिमफिक्स आणि .रीलोड करा; तरीही जमलं नाही तर !सिम नॉइझी लावून तो कुठे कुठे शोधतोय ते वाचा. तिथे ओळख पटते ती जीयूआयडी आणि एज यांच्या जोडीवरून, जे काम लिनक्सवर बिल्ड आयडी करते. बीएसडीच्या डीडीबी या कर्नल डीबगरने मात्र मला आवडणारी गोष्ट केली आहे: मॅक्सऑफ नावाची मर्यादा. अंतर त्याहून जास्त झालं तर नाव न छापता सरळ आकडा छापायचा. माहीत नाही तर माहीत नाही म्हणायचं.

बॅकट्रेस वाचताना एक बाइटचा फरक कसा नडतो तेही सांगतो. स्टॅकवर असतो परतीचा पत्ता, म्हणजे कॉलच्या पुढच्या सूचनेचा. पॅनिकसारखं कधीच न परतणारं फंक्शन एखाद्या फंक्शनने अगदी शेवटी बोलावलं तर कंपाइलर त्यापुढे काहीच लिहीत नाही. तेव्हा परतीचा पत्ता कधीकधी पुढच्या फंक्शनच्या पहिल्याच बाइटवर पडतो आणि ज्याचा काहीही संबंध नाही ते नाव +० लावून दिसतं. फंक्शनांमध्ये भराव असेल तर हे झाकलं जातं, म्हणून ते कधी घडतं, कधी घडत नाही. कर्नलच्या प्रिंटके या छापणाऱ्या फंक्शनमध्ये बॅकट्रेससाठी %पीबी हा वेगळा प्रकार आहे तो यासाठीच: तो पत्त्यातून एक वजा करून मग शोधतो. जीडीबीही वरच्या फ्रेमांसाठी असंच करतो. पण केडीबीत एमडीएस या मेमरी दाखवणाऱ्या कमांडने स्टॅक उघडा करून बघाल तेव्हा अशी वजाबाकी होत नाही. तिथे +० दिसलं तर तो फंक्शन पॉइंटर असेल किंवा हा प्रकार. शिवाय एमडीएसमध्ये जुन्या, कधीच परतून गेलेल्या कॉलचे पत्तेही पडून असतात. नाव आहे म्हणजे ते फंक्शन आत्ता चालू आहे, असं नाही. ऊप्समध्ये अशा संशयित नोंदींपुढे प्रश्नचिन्ह असतं, ते मनावर घ्यायचं.

नावावरून पत्ता काढणं ही उलटी दिशा. यादी पत्त्यांच्या क्रमाने असल्याने नाव शोधायला पूर्वी एकेक नाव उलगडत सगळा तक्ता चाळावा लागे. ६.२ मध्ये (२०२३) नावांच्या क्रमाची वेगळी सूची आली आणि इथेही दुभागत शोध शक्य झाला. केडीबीच्या प्रॉम्प्टवर बसलेल्या माणसाला हा फरक जाणवत नाही. लाइव्ह पॅचिंगवाल्यांना, म्हणजे चालू कर्नल न थांबवता दुरुस्त करणाऱ्यांना, जाणवतो. जाता जाता, कारण यानंतर हा प्रश्न हमखास येतो: केऑलसिम्स_लुकअप_नेम हे फंक्शन मॉड्यूलांना ५.७ पासून (२०२०) मिळत नाही. केप्रोब (चालू कर्नलाच्या फंक्शनवर बसवायचा सापळा) नोंदवून त्यातून पत्ता काढायची युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे. डीबगिंगपुरती वापरा, ग्राहकाला देण्याच्या ड्रायव्हरमध्ये नको.

तुमचा स्टॅटिक व्हेरिएबल का सापडत नाही, हे आता सहज कळेल. केऑलसिम्समध्ये मुळात फक्त कोडची नावं जातात. डेटाची नावं हवी असतील तर कॉन्फिग_केऑलसिम्स_ऑल चालू करून कर्नल पुन्हा बांधावा लागतो. त्याची किंमत साधारण ३०० केबी मेमरी. मॉड्यूल लोड होतानाही हा पर्याय चालू लागतो, नाही तर त्याच्या डेटाची नावं ठेवलीच जात नाहीत. डिस्ट्रिब्यूशनच्या कर्नलांत हा पर्याय बहुधा चालू असतो, कारण लाइव्ह पॅचिंगला तो लागतोच. काटछाट करून स्वतः बांधलेल्या कर्नलात तो राहून जातो.

स्टॅटिक फंक्शनचं कारण बहुतेक कंपाइलर आहे. फंक्शन एकाच जागी वापरलेलं असेल तर जीसीसी हा कंपाइलर ते इनलाइन करतो, म्हणजे बोलावणाऱ्याच्याच कोडात मिसळतो, आणि ते नाव तक्त्यात उरतच नाही. केडीबीने काय शोधावं? किंवा जीसीसीने आर्ग्युमेंटांची कापाकापी करून नावापुढे .इस्रा.० किंवा .कॉन्स्टप्रॉप.० असं शेपूट लावलेलं असतं, कधी फंक्शनचा क्वचित चालणारा भाग .कोल्ड नावाने तोडून दूर टाकलेला असतो. केडीबी नाव अक्षरशः जुळवतो, त्यामुळे शेपटाशिवायचं नाव दिलं की “नाही” म्हणतो. आधी /प्रॉक/केऑलसिम्समध्ये ग्रेप या शोधाच्या कमांडने तुमचं नाव शोधा, किंवा केडीबीत नावाची सुरुवात लिहून टॅब दाबा. शेपूटवालं नाव दिसलं तर ते संपूर्ण द्या. काहीच दिसलं नाही तर फंक्शनवर नोइनलाइन लिहून मॉड्यूल पुन्हा बांधा. डीबगिंगपुरतं त्यात काही बिघडत नाही. बॅकट्रेसमधला पत्ता हातात असेल तर कर्नलच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधलं एफएडीडीआर२लाइन वापरा. फंक्शन, अंतर आणि आकार दिलं की इनलाइन झालेली साखळी ओळ क्रमांकांसकट दाखवतं, आणि दिलेला आकार फाइलमधल्या आकाराशी जुळला नाही तर उत्तर देत नाही. ही तपासणी मला त्याच्या बाकी सगळ्या सोयींपेक्षा मोलाची वाटते.

उलट गोष्टही घडते: नाव सापडतं, पण दुसऱ्याचंच. स्टॅटिक नावं अनेक फाइलींत सारखी असू शकतात. इनिट_वन्स हे नाव ग्रेप करून बघा, एकेक फाइल सिस्टिम आपापलं इनिट_वन्स घेऊन पुढे येईल. नुसत्या नावाने विचारलं की शोध त्यातल्या एकावर थांबतो आणि तुम्हाला बाकीचे आहेत हे सांगतही नाही. लाइव्ह पॅचिंगमध्ये यासाठी “या नावाचा कितवा” असा क्रमांक द्यायची सोय केलेली आहे. केडीबीत माझी पद्धत सरळ आहे: हवा तो पत्ता /प्रॉक/केऑलसिम्समधून उचलायचा आणि ब्रेकपॉइंट पत्त्यावर लावायचा. जीडीबीत फाइल आणि ओळ क्रमांक द्यायचा.

राहिलं मॉड्यूल आणि जीडीबी. व्हीएमलिनक्समध्ये मॉड्यूलांचे सिम्बॉल नसतात आणि मॉड्यूल कुठे बसेल हे आधी ठरलेलंही नसतं. हाताने करायचं तर /सिस/मॉड्यूल/ मध्ये तुमच्या मॉड्यूलच्या सेक्शन्स फोल्डरात .टेक्स्ट (कोड), .डेटा आणि .बीएसएस (व्हेरिएबल) यांचे पत्ते रूटला वाचता येतात; ते ऍड-सिम्बॉल-फाइलला द्यायचे. फक्त .टेक्स्टचा पत्ता देऊन थांबलात तर फंक्शनं बरोबर येतील आणि व्हेरिएबलांच्या किमती कचरा दिसतील. त्यापेक्षा कॉन्फिग_जीडीबी_स्क्रिप्ट्स चालू करून बांधा आणि जीडीबीत एलएक्स-सिम्बॉल्स या कमांडला मॉड्यूलच्या फोल्डरचा रस्ता द्या. तो लोड झालेली सगळी मॉड्यूलं शोधून जागेवर बसवतो. त्यालाही नोकेएएसएलआर लागतं, आणि स्ट्रिप न केलेली, म्हणजे सिम्बॉल काढून न टाकलेली, मॉड्यूलची .केओ फाइल.

तुमचं न सापडणारं फंक्शन __इनिट (फक्त सुरुवातीला चालणारं अशी खूण) लावलेलं असेल तर मात्र वरचं काहीही करून ते मिळणार नाही. मॉड्यूल लोड झालं की तो विभाग मोकळा केला जातो आणि कर्नल मॉड्यूलची नावांची यादीही बदलून टाकतो, त्या नावांशिवायची. तिथे थांबायचं असेल तर मॉड्यूल लोड करण्याआधी जीडीबीत एलएक्स-सिम्बॉल्स चालवून फंक्शनवर पेंडिंग ब्रेकपॉइंट लावून ठेवा. ती स्क्रिप्ट मॉड्यूल लोड होण्याच्या क्षणी, त्याचं इनिट फंक्शन चालण्याआधी, स्वतः थांबते, सिम्बॉल वाचते आणि तुमचा ब्रेकपॉइंट तेव्हा जागेवर बसतो.